न्हाणीघराचा तडा आणि चातुर्मासापूर्वीची यतना

आषाढ जवळ आला की दोडामार्गच्या बाजारपेठेतील व्यापारी कौले चाळून घेतो, पन्हळी साफ करतो, गोदामातील माल भिंतीपासून हातभर दूर सरकवतो. न्हाणीघराच्या तळाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तिळारीच्या खोऱ्यालगतच्या या भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ज्येष्ठात भिंतीत शिरलेली ओल दिवाळीपर्यंत निघत नाही.

खाली दुकान आणि वर घर असलेल्या जुन्या वास्तूंत जांभ्याच्या भिंती, लाकडी तुळया आणि फळ्यांचा माळा असतो. त्या माळ्याला कोबा आणि फरशीचे वजन पेलत नाही. म्हणून तेथे फायबरग्लासचा तयार तळ, म्हणजेच शॉवर ट्रे, बसवणे सोयीचे ठरते. त्याला पुढे केसाएवढा तडा जातो आणि घरातील मंडळी वरून सिलिकॉन भरून मोकळी होतात. काही आठवड्यांत तडा पुन्हा उघडतो, कारण दोष वर नसून खाली असतो. तळाखाली आधार नसला तर प्रत्येक पावलागणिक तो लवतो आणि सतत लवून अखेर तडकतो. टाचेने दाबून पाहावे. तळ दबला किंवा कुरकुरला तर खाली पोकळी आहे असे समजावे.

त्या पोकळीत झिरपलेले पाणी दिसत नाही. फळ्या कुजतात, तुळईचे भिंतीत गेलेले टोक भुसभुशीत होते आणि त्याच जागी घरातील वृद्ध रोज स्नानाला उभे राहतात. खालच्या दुकानातील कापडाच्या गाठी व काजूची पोती ही तर नंतरची चिंता.

जैन घरात आणखी एक प्रश्न उभा राहतो. शेवाळ आणि बुरशी यांना शास्त्रात अनंतकाय मानले आहे. ओल्या लाकडात वाळवी, झुरळे यांसारखे त्रस जीवही वाढतात. तळ उघडला तर हिंसा होईल, या विचाराने काही कुटुंबे काम पुढे ढकलतात. भावना दयेची आहे, पण हिशेब चुकीचा आहे; कारण जीवोत्पत्ती रोज वाढते आणि उद्याची हिंसा आजच्याहून मोठी होते. यतनेचा मार्ग असा, की आधी ते न्हाणीघर आठ-दहा दिवस वापरू नये, वारा खेळू द्यावा आणि ओल आपोआप सुकू द्यावी. ओलाव्याला आलेले जीव बरेचसे स्वतःच निघून जातात. मग मऊ पुंजणी फिरवून तळ उचलावा. कीटकनाशकाच्या फवाऱ्याची गरज पडत नाही.

मात्र वापर थांबवण्यापूर्वी गळती नेमकी कोठे आहे ते पाहावे. जाळीचे तोंड बंद करून दोन बोटे पाणी भरावे, पातळीची खूण करावी व काही तास थांबावे. पातळी उतरली तर दोष तड्यात. पातळी तशीच राहून पाणी सोडल्यावर खाली थेंब आले तर दोष न्हाणी ट्रॅपच्या सांध्यात. दुसऱ्या प्रकारात ट्रे बदलणे हा निव्वळ अपव्यय होय.

एकच तडा असेल तर दुरुस्ती होते. त्याच्या दोन्ही टोकांना बारीक छिद्र पाडल्यास तो पुढे सरकत नाही. कडा घासून, पूर्ण कोरड्या करून शक्यतो खालच्या बाजूने फायबर मॅट व रेझिनचे थर द्यावेत, वर जेलकोट लावावा आणि ट्रे सिमेंट-वाळूच्या पातळ थरावर सर्व बाजूंनी टेकेल असा बसवावा. हा आधार टाळला तर बाकीचे सारे श्रम वाया गेले. तडे अनेक असतील किंवा जाळीच्या तोंडाशी असतील तर नवा ट्रे घेणेच बरे. फळी कुजली असेल तर सुताराला प्रथम बोलवावे.

मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांना हे काम हाताखालचे आहे. शहरातून कारागीर आणण्याचे कारण नाही. रेझिनचा वास उग्र असतो, काचेची धूळ अंगाला खाजते. मुले व आजारी माणसे त्या दिवशी दुसरीकडे असावीत. हार्डनर आणि कोबाल्ट एकमेकांत थेट मिसळले तर भडका उडतो, म्हणून त्या बाटल्या वेगवेगळ्या ठेवाव्यात.

दमट पृष्ठभागावर रेझिन धरत नाही. त्यामुळे हे काम वैशाखात उरकावे. ते राहून गेले तर चातुर्मासात ते न्हाणीघर बंद ठेवून खालच्या मोरीवर स्नान करावे आणि कार्तिकी पौर्णिमेनंतर कारागिराला बोलवावे.