कारखाना बंद पडला, गाडी मात्र चालूच राहिली
जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या शौकिनांकडून आमच्या कारागिरांनी घ्यावयाचा धडा

इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहराच्या स्मॉल हीथ भागात आज मुसलमानांची मोठी वस्ती आहे. याच भागात आर्मरी रोडवर एके काळी बी.एस.ए. कंपनीचा अवाढव्य कारखाना होता. बर्मिंगहॅमच्या बंदुका बनविणाऱ्या कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन ही कंपनी काढली. बंदुकांवरून ती सायकलींकडे वळली आणि १९१० पासून मोटारसायकली बनवू लागली. १९५० नंतरच्या काही वर्षांत तर ती जगातील सर्वांत मोठ्या मोटारसायकल कंपन्यांमध्ये गणली जात होती. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांतच हा डोलारा कोसळला.

कारखाना गेला, पण त्याने बनविलेल्या गाड्या आजही रस्त्यावर धावत आहेत. त्या कोणी जिवंत ठेवल्या? मालकांच्या मायेने आणि छोट्या कारागिरांच्या हातांनी. व्यापारी व कारागीर बांधवांनी ही हकिकत ध्यानात घ्यावी असे आम्हाला वाटते.

धंदा का बुडाला?

बी.एस.ए., नॉर्टन, ट्रायम्फ ही नावे साऱ्या जगात गाजत होती. पण गिऱ्हाईक आपल्याला सोडून कुठे जाणार, या भ्रमात मालक मंडळी राहिली. यंत्रे जुनी झाली तरी बदलली नाहीत. इंजिनातून तेल गळे, दिवे ऐन रात्री दगा देत. पार्किंगच्या जागी तेलाचा डाग दिसला नाही तर इंजिनात तेलच नाही असे समजावे, हा विनोद या गाड्यांचे मालक आजही मोठ्या प्रेमाने सांगतात.

१९६९ साली जपानच्या होंडाने चार सिलिंडरची ७५० सी.सी. गाडी बाजारात आणली. बटण दाबताच ती चालू होई, तिला पुढे डिस्क ब्रेक होता आणि ती तेलही गाळत नसे. हौशी गिऱ्हाईक तिकडे वळले. १९७३ साली बी.एस.ए.चा मोटारसायकल धंदा दुसऱ्या कंपनीत विलीन करावा लागला. ट्रायम्फचा मेरिडन येथील कारखाना बंद होणार म्हटल्यावर कामगारांनी त्याचा ताबा घेतला आणि १९७५ पासून सहकारी तत्त्वावर तो चालविला. १९८३ मध्ये तोही थांबला. पुढे नव्या मालकाने हिंकली येथे नवा कारखाना उभारून ट्रायम्फचे नाव पुन्हा बाजारात आणले.

मायेतून उभा राहिलेला बाजार

एवढे दोष असूनही लोक या गाड्यांवर जीव का टाकतात? मालकांचे उत्तर सोपे आहे. ही गाडी माणसाला समजते. बोनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो. बिघाड झाला तर पाना आणि पेचकस घेऊन मालक स्वतः बसू शकतो. कोणाच्या वडिलांची गाडी, कोणाची पहिल्या कमाईची. तिच्याशी घरच्या आठवणी जोडलेल्या असतात.

१९४८ साली आलेली मॉरिस मायनर ही दहा लाखांचा टप्पा ओलांडणारी पहिली ब्रिटिश मोटार. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक अशा साध्या लोकांची ती गाडी होती. आज तिच्या मालकांचा मोठा क्लब आहे. जुन्या मोटारसायकलींच्या शौकिनांचा क्लब तर १९४६ पासून चालू आहे. दर नोव्हेंबरात लंडन ते ब्रायटन अशी सुमारे साठ मैलांची फेरी निघते. १९०५ च्या आधी बनलेल्या गाड्याच तीत भाग घेऊ शकतात. वाटेत कोणाची गाडी बंद पडली तर दुसरा थांबून मदत करतो.

या शौकामागे मोठा रोजगार आहे. जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या नटबोल्टचे आटे आजच्या मिलिमीटरच्या मापाचे नसतात. जोसेफ व्हिटवर्थ या इंजिनिअरने १८४१ साली ठरविलेल्या मापाचे आटे कित्येक गाड्यांत आहेत. त्यांना पानाही वेगळा लागतो आणि ते पाडणारा खरादीही जाणकार लागतो. मॉरिस मायनर ट्रॅव्हलर या गाडीच्या मागच्या भागाची चौकट लाकडाची असते. ते लाकूड कुजले तर गाडी कमजोर होते, म्हणून तेथे सुताराला काम मिळते. सीट शिवणारे, पत्रा ठोकणारे, क्रोम चढविणारे अशा कितीतरी हातांना या शौकाने कामाला लावले आहे. एम.जी.बी. गाडीचे संपूर्ण सांगाडे १९८८ पासून ऑक्सफर्डशायरमध्ये जुन्याच साच्यांवर पुन्हा तयार होऊ लागले.

आपल्याकडचा धागा

हा विषय आपल्याला परका नाही. १९५५ साली मद्रासमध्ये बुलेट जुळविण्यास सुरुवात झाली आणि पुढे ती पूर्णपणे येथेच बनू लागली. १९७० च्या सुमारास इंग्लंडमधील मूळ कंपनी संपली. मद्रासची बुलेट मात्र १९७७ पासून इंग्लंडला जाऊ लागली. अँबॅसडर म्हणजे मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. ती २०१४ पर्यंत बंगालमध्ये बनत होती. आता नॉर्टन टीव्हीएसच्या मालकीची आहे, बी.एस.ए.चे नाव महिंद्रांच्या गटाकडे आले आहे आणि ट्रायम्फच्या छोट्या गाड्या २०२३ पासून बजाजच्या चाकण कारखान्यात तयार होत आहेत.

जुन्या गाड्यांसाठी सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्हीए' या अक्षरांच्या क्रमांकाने नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी त्या नियमांत २० हजार रुपये ठरली. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने चालविता येत नाही. म्हणजे मूळ स्वरूपाला आता कायद्यानेही किंमत आली आहे.

मिस्त्रीचा मुलगा काय करणार?

इंजिनाचा आवाज ऐकून टॅपेट ढिला आहे की बेअरिंग गेले आहे, हे सांगणारे मिस्त्री आपल्या मोहल्ल्यांत आजही आहेत. पण त्यांचे ज्ञान कागदावर नाही, ते हातात आहे. हात थकले की ते संपणार. मिस्त्रीचा मुलगा काळ्या तेलाच्या कामाला लाजतो आणि बापही त्याला या कामात घालू इच्छित नाही.

इंग्लंडमध्येही हीच चिंता होती. तेथे ऑक्सफर्डशायरमधील बिसेस्टर येथे जुन्या हवाई तळाच्या जागेत जुन्या गाड्यांची दुरुस्ती शिकविणारी शाळा चालते. मुले उमेदवारी करून हे काम शिकतात. जे काम आपण खालच्या दर्जाचे समजतो, ते तेथे हुन्नर म्हणून शिकविले जाते.

आमची कारागीर बांधवांना विनंती आहे. जुना भाग फेकून नवा बसविण्याची घाई करू नका; मूळ भाग दुरुस्त होत असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगा. मूळ इंजिन नंबर आणि चॅसिस नंबरला शौकीन सर्वांत जास्त मान देतो, त्यांना हात लावू नका. कोणता भाग अस्सल आणि कोणता नकली, हे बिलावर स्पष्ट लिहा. केलेल्या कामाचे फोटो व मापे वहीत नोंदवा. ती वही उद्या तुमच्या मुलाच्या कामी येईल.

बी.एस.ए.च्या मालकांनी गिऱ्हाइकाला गृहीत धरले आणि कारखाना घालविला. त्याच गाड्यांची निगा राखणाऱ्या छोट्या मिस्त्रीने गिऱ्हाइकाचा भरवसा जपला, म्हणून त्याचे गॅरेज आजही उघडे आहे.