एका दिवसात पुणे दर्शन : सहलीच्या नियोजनाविषयी काही सूचना



आपल्या परिसरातून दरवर्षी पुण्याच्या एकदिवसीय सहली निघतात. भजनी मंडळे जातात, महिला मंडळे जातात, गल्लीतील चार-पाच कुटुंबे एकत्र येऊनही जातात. कार्यालयात येणारे सभासद पुष्कळदा विचारतात, "एका दिवसात पुण्यात काय काय होईल?" या प्रश्नाचे उत्तर काहीशा विस्ताराने द्यावे म्हणून हा लेख लिहीत आहे. अशा सहलीत वडीलधारी मंडळी बहुसंख्येने असतात. त्यांच्यापैकी अनेकांना पुणे प्रथमच पाहावयाचे असते आणि कदाचित पुन्हा पाहण्याचा योग येणारही नसतो. त्यांचा दिवस बसच्या खिडकीत व वाहतुकीच्या कोंडीत संपू नये, ही यामागची मुख्य तळमळ आहे.

नंदगडहून खानापूर, बेळगावमार्गे पुणे सुमारे पावणेचारशे किलोमीटर पडते. निपाणी सोडल्यावर कोगनोळीजवळ राज्याची हद्द, पुढे कोल्हापूर, कराड, सातारा, खंबाटकीचा घाट व कात्रज असा हा मार्ग आहे. वाटेत चहापाण्याला थांबत गेल्यास बसला आठ-नऊ तास सहज लागतात. म्हणजे एक दिवसाची सहल ही वस्तुतः दोन रात्री व एक दिवस अशीच असते. रात्री निघावयाचे, दिवसभर फिरावयाचे आणि दुसऱ्या रात्री परतावयाचे.

येथेच सर्वांत मोठा धोका आहे, म्हणून त्याविषयी आधी लिहितो. रात्रभर गाडी चालवून आलेला चालक दिवसभर आपल्याला शहरात फिरवितो आणि त्याच रात्री पुन्हा खंबाटकीचा घाट उतरवितो, अशी व्यवस्था पुष्कळ सहलींत असते. भाडे कमी पडते म्हणून कोणी त्यावर बोलत नाही. मोटार वाहतूक कामगारांसंबंधीच्या १९६१ च्या कायद्याने चालकाचे काम साधारणतः दिवसाला आठ तासांपुरते मर्यादित केले होते आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती सांगितली होती. तेव्हा गाडी ठरवितानाच दोन चालक मागावेत. दुसऱ्या चालकाचा खर्च चाळीस-पन्नास माणसांत वाटला असता प्रत्येकी फार थोडा येतो. शिवाय गाडी पुण्यात पोहोचली की ती एका जागी उभी करावी व चालकांना झोपू द्यावे. गाडी शहरात फिरवावयाचीच नाही, असे ठरविले म्हणजे पुढील सारे नियोजन आपोआप सोपे होते. पुण्याच्या पेठांत मोठी बस उभी करण्यास जागा नाही, हेही त्यास पूरकच आहे. गाडी कर्नाटकातील नोंदणीची असल्याने महाराष्ट्रात प्रवासी नेण्याचा परवाना मालकाकडे आहे की नाही, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी पाहावे.

ज्यांना खाजगी गाडी नको असेल त्यांच्यासाठी बेळगावहून दोन्ही राज्यांच्या परिवहन महामंडळांच्या रात्रीच्या बसेस आहेत. रेल्वेनेही जाता येते. वास्कोहून निघणारी गोवा एक्सप्रेस लोंढा, बेळगाव, मिरज या मार्गानेच पुण्यास जाते. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या साठ दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत एकशेवीस दिवसांची होती. ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, त्यामुळे जुन्या हिशेबावर अंदाजपत्रक मांडू नये. भगिनींकडून 'शक्ती' योजनेविषयी नेहमी विचारणा होते. जून २०२३ पासून सुरू झालेला तो मोफत प्रवास कर्नाटकाच्या हद्दीपुरता आहे. नंदगड ते बेळगाव त्याचा उपयोग होईल, पुण्यापर्यंत नाही.

आता दिवस निवडण्याविषयी. गणेशोत्सवाचे दहा दिवस आणि आषाढी वारीतील पालख्यांच्या पुण्यातील मुक्कामाचे दिवस टाळावेत. त्या दिवसांचे माहात्म्य वेगळे आहे, पण तेव्हा मध्यवस्तीतील रस्ते बंद असतात व वयस्क मंडळींना घेऊन स्थलदर्शन होत नाही. सोमवारी लक्ष्मी रस्त्यावरील पुष्कळ दुकाने बंद असतात. खरेदीची हौस असणाऱ्यांनी तो वारही सोडावा. संकष्टीला व मंगळवारी दगडूशेठ गणपतीच्या दर्शनाची रांग लांबते. माघ-फाल्गुनाचे दिवस हवेच्या दृष्टीने सर्वांत बरे.

पुण्यात काय पाहावे, याची यादी पाठ असलेले लोक आपल्यात पुष्कळ आहेत. सिंहगड, आगाखान पॅलेस, कात्रजचे प्राणिसंग्रहालय, शनिवारवाडा, पर्वती, दगडूशेठ आणि वेळ उरल्यास देहू-आळंदी! या यादीने दिवसाची वाट लागते. आपल्या गावी सांगोळ्ळी रायण्णांच्या समाधीस येणाऱ्या कित्येक गाड्या आपण पाहतो. मंडळी उतरतात, नमस्कार करतात, छायाचित्र काढतात व दहा मिनिटांत कित्तूरच्या दिशेने निघून जातात. त्यांनी नंदगड पाहिले असे आपण म्हणू काय? तेव्हा सिंहगड व देहू-आळंदी यांना स्वतंत्र दिवस द्यावा. आगाखान पॅलेस मात्र सोडताना मनाला लागते. १९४२ मध्ये महादेवभाई देसाई व १९४४ मध्ये कस्तुरबा यांनी स्थानबद्धतेत असताना तेथेच देह ठेवला. परंतु ते स्थान नगर रस्त्यावर आहे आणि जाण्यायेण्यात अर्धा दिवस जातो.

माझ्या मते एका दिवसासाठी स्वारगेट ते शनिवारवाडा एवढाच पट्टा घ्यावा. पहाटे स्वारगेट परिसरात उतरावे. तेथे जवळपास दोन-तीन खोल्या अर्ध्या दिवसासाठी आधीच ठरवून ठेवाव्यात. स्नान व प्रसाधनाची ही सोय नसेल तर स्त्रियांचे हाल होतात, आणि त्या संकोचाने बोलत नाहीत. दिवसभर पाणी न पिता राहतात व परतीच्या प्रवासात आजारी पडतात. वर्गणी वाचविण्यासाठी हा खर्च कापू नये.

ऊन चढण्यापूर्वी पर्वती करावी. सुमारे शंभर पायऱ्या आहेत, रुंद व दगडी. देवदेवेश्वराचे हे देवालय नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये बांधविले. पानिपतच्या आघातानंतर १७६१ मध्ये त्यांनी प्राण सोडला तोही याच टेकडीवर. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी चढण्याचा आग्रह धरू नये व इतरांनीही त्यांना भरीस घालू नये. त्यांच्यासाठी खाली सारसबागेतील तळ्यातला गणपती आहे. पेशवाईतील तळ्याच्या जागी आता बाग आहे, बसावयास भरपूर जागा आहे आणि तेथे थांबणाऱ्यांना काही गमावल्यासारखे वाटत नाही.

नंतर स्वारगेटहून मेट्रोने मंडई. हा भुयारी मार्ग सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झाला आणि आपल्यासारख्या पाहुण्यांची त्याने फार मोठी सोय केली आहे. अंतर एकाच स्थानकाचे. सरकत्या जिन्याची सवय नसलेल्यांनी लिफ्टने जावे. स्थानकाबाहेर महात्मा फुले मंडई आहे. १८८६ मध्ये उभारलेल्या या इमारतीला प्रथम लॉर्ड रे यांचे नाव होते. अष्टकोनी मनोऱ्याभोवती पसरलेला भाजीबाजार पाहून आपल्या बाजारपेठेत वाढलेल्या माणसाला आपलेपणा वाटतो. शेजारी तुळशीबाग. आत राममंदिर आहे, हे दुकानांच्या गर्दीत अनेकांच्या लक्षातच येत नाही. आधी दर्शन, मग खरेदी, आणि खरेदीला घड्याळ लावून एक तास.

दुपारच्या उन्हात राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहावे. तेथून ते जवळच, शुक्रवार पेठेत आहे. 'अज्ञातवासी' या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ हा संग्रह उभा केला व पुढे तो महाराष्ट्र शासनास दिला. दिवे, अडकित्ते, दौती, भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये अशा रोजच्या वापरातील वस्तूंचे हे भांडार आहे. ज्येष्ठ भगिनी येथे सर्वाधिक रमतात असा माझा अनुभव आहे. "हे आमच्या माळ्यावर होते, मोडीत घातले", हे वाक्य प्रत्येक दालनात ऐकू येते. घाई न करता दीड तास द्यावा. जेवण याच्या आधी किंवा नंतर; पन्नास माणसांची पंगत एका वेळी बसेल अशी खानावळ मात्र आधी दूरध्वनीवरून ठरवावी. दुपारी एक ते चार पुणे विश्रांती घेते, ही ख्याती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही, तरी तिची आठवण ठेवलेली बरी.

चारच्या सुमारास दगडूशेठ गणपतीचे दर्शन घ्यावे. समोरच भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा येथे सुरू केली. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला, त्यामुळे वाडा शोधत फिरू नये. परंतु जागा अवश्य दाखवावी, विशेषतः बरोबर शाळकरी मुली असतील तर. पुढे लाल महाल. शिवरायांनी ५ एप्रिल १६६३ रोजी शाइस्तेखानावर छापा घातला तो लाल महाल काळाच्या ओघात नष्ट झाला. आजची वास्तू पुणे महानगरपालिकेने अलीकडच्या काळात बांधलेली आहे. मग ग्रामदैवत कसबा गणपती, आणि शेवटी शनिवारवाडा. १० जानेवारी १७३० रोजी थोरल्या बाजीरावांनी त्याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतले महाल जळाले, आज तट, दरवाजे व जोतीच उरली आहेत. त्यानंतर तीनच वर्षांनी, २६ जानेवारी १८३१ रोजी, आपल्या नंदगडात रायण्णांना फाशी देण्यात आले. दिल्ली दरवाजासमोर उभे राहून मुलांना ही दोन साले शेजारी ठेवून सांगावीत. तिकीट खिडकी संध्याकाळी लवकर बंद होते, म्हणून पाचच्या आत पोहोचावे. परत येताना कसबा पेठ स्थानकावरून मेट्रोने स्वारगेट.

गर्दीत माणूस चुकणे ही या सहलींतील नित्याची गोष्ट. एका सहलीत सत्तरीच्या एक आजी तुळशीबागेत मागे राहिल्या. मराठी उत्तम, धीटही होत्या, पण गाडी कुठे उभी आहे व कोणाला दूरध्वनी करावयाचा हे त्यांना सांगता येईना. पाऊण तासाने त्या राममंदिराच्या पायरीवर बसलेल्या सापडल्या. त्यासाठी प्रत्येकाच्या खिशात किंवा कनवटीला एक चिठ्ठी द्यावी. तीवर नाव, सोबतच्या दोघांचे क्रमांक, गाडीचा क्रमांक व गाडी उभी असलेली जागा लिहावी. दहा-दहा जणांचे गट करून प्रत्येक गटास एक तरुण नेमावा. चुकलेल्याने हिंडू नये, जवळच्या देवळात बसून राहावे, हेही सर्वांना आधीच सांगून ठेवावे. रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्या सामानाच्या पिशवीत न ठेवता अंगावर बाळगाव्यात, कारण सामान दिवसभर गाडीत कुलूपबंद राहते.

परतीसाठी रात्री आठ ही वेळ ठरवावी व ती निघण्यापूर्वी नंदगडातच सर्वांना सांगावी. गाडी सुरू करण्याआधी गटप्रमुखांनी नावे पुकारून मोजणी करावी, नुसती डोकी मोजू नयेत. पहिला चालक कराडपर्यंत, दुसरा तेथून पुढे. त्यांच्या शेजारी जागा राहणारा एक माणूस आळीपाळीने बसवावा.

सचिव