स्क्रब टायफस : एक औषध की दोन?
कोयनानगरसारख्या धो-धो पावसाच्या, गवत-झुडपांच्या मुलखात पावसाळ्यात किंवा त्यानंतर ताप उतरेना, तर काखेत, जांघेत, कमरेपाशी सिगारेटच्या चटक्यासारखी काळी, न दुखणारी खपली आहे का ते बघावं. चिगर नावाच्या सूक्ष्म किड्याच्या चाव्याची ती खूण; तिथूनच स्क्रब टायफसचा जिवाणू शरीरात शिरतो. तो पेशींच्या आत दडून वाढतो, म्हणून पेनिसिलिनचा इथे उपयोग नाही. डॉक्सिसायक्लिन आणि अझिथ्रोमायसिन मात्र पेशीत शिरून त्याची प्रथिननिर्मिती रोखतात, तीही रायबोसोमच्या वेगवेगळ्या भागांवर. साध्या आजारात यातलं एकच पुरतं: सहसा डॉक्सिसायक्लिन, गरोदर स्त्रीला अझिथ्रोमायसिन.

आजार गंभीर असेल तर दोन्ही एकत्र द्यावीत, असं माझं स्पष्ट मत आहे. भारतातल्या ७९४ गंभीर रुग्णांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यू, न उतरणारा ताप आणि टिकून राहिलेली गुंतागुंत एकत्र मोजली, तेव्हा जोडउपचारात हे प्रमाण ३३ टक्के भरलं, एकेकट्या औषधात ४७-४८. नुसत्या मृत्यूंत फरक पडला नाही, हा आक्षेप खराच. पण फुप्फुसं, मूत्रपिंडं लवकर सावरणं ही काही क्षुल्लक गोष्ट नव्हे. जिवाणू औषधाला दाद देईनासा होईल ही भीतीही इथे कमी, कारण हा आजार माणसाकडून माणसाकडे पसरत नाही. तापात डॉक्टरांकडे जाल तेव्हा रानात, गवतात वावरल्याचं आवर्जून सांगा.