धामणीची अंडी सांभाळताना

जळगावकरांना असोदा ठाऊक आहे ते भरताच्या वांग्यांमुळे आणि बहिणाबाई चौधरींचं माहेर म्हणून. याच काळ्या मातीच्या शिवारात, केळी-कापसाच्या मधल्या बांधांवर, धामणही नांदते. तिची अंडी माणसाच्या नजरेला पडतात ती बहुधा बांध फोडताना, पडकं घर उतरवताना किंवा उकिरडा उपसताना. पांढरी, लांबट, एकमेकांना चिकटलेली आठ-दहा अंडी. कवच टणक नसतं. बोटाला मऊ चामडं लागतं. मग सर्पमित्राला फोन जातो.

जाणता सर्पमित्र फोनवरच सांगतो: हात लावू नका, काम थांबवता येत असेल तर थांबवा. जागा वाचणार असेल तर अंडी तिथेच राहू देऊन माती परत लोटणं सगळ्यांत बरं, कारण धामणीची मादी अंड्यांजवळ थांबते. ते जमण्यासारखं नसेल तरच वनविभागाला कळवून अंडी उचलली जातात. वन्यजीव संरक्षण कायद्यात सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना धक्का लावणं हीसुद्धा शिकारच मानली आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसली आहे. त्यामुळे हौसेखातर धामण पाळून तिची पैदास करणं आपल्याकडे गुन्हा आहे. निराधार झालेली अंडी फुटेपर्यंत सांभाळणं, एवढंच इथलं काम. पण ते एवढंच काम फार कसोटीचं आहे.

उचलण्यापूर्वी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलीनं हलकी खूण करतात. कोंबडी आपली अंडी फिरवते. सापाचं अंडं फिरवून चालत नाही. घातल्यावर थोड्याच काळात गर्भ कवचाला आतून, वरच्या अंगाला चिकटतो. अंडं उलटलं की बलकाचा भार त्याच्यावर येतो आणि तो मरू शकतो. चिकटलेली अंडी सुटी करायलाही जायचं नाही, पुंजका तसाच उचलायचा.

डब्यात नारळाचा भुसा किंवा वाळूमिश्रित माती घालतात. ओल किती, याची परीक्षा मुठीत: दाबल्यावर गोळा व्हावा, बोटांतून पाणी मात्र येऊ नये. त्यात अंडी अर्धी रुतवून ठेवतात, झाकणाला भोकं पाडतात, शेजारी तापमापक. अंड्यांवर थेट पाणी शिंपडलं तर बुरशी धरते. कोरडं पडलं तर अंडी पिचकतात. तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास हवं, आणि खान्देशात खरी परीक्षा इथेच होते. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या खोलीत ठेवलेली अंडी दोन दुपारीसुद्धा टिकायची नाहीत. जाड मातीच्या भिंतींचं जुनं धाब्याचं घर अशा वेळी उपयोगी पडतं. सुसर-कासवांप्रमाणे उष्णतेनं पिल्लाचं लिंग बदलत नाही, सापांत ते जन्मजात ठरलेलं असतं. पण उष्णता जास्त झाली तर पिल्लूच हाती लागत नाही.

साधारण दोन महिने वाट पाहायची. अंधारात अंड्यामागे विजेरी धरली की जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं नुसतं पिवळं. दिवसागणिक अंडी ओल शोषून फुगतात, आणि शेवटी शेवटी त्यांना खळ्या पडतात. मग एके दिवशी कवचावर बारीक चीर उमटते. मुस्कटावरच्या अंडदातानं पिल्लानं ती आतून पाडलेली असते. चिरेतून नाकपुड्या बाहेर येतात, मोठे गोल डोळे दिसतात, आणि डब्याला जरा हादरा बसला की सगळं परत आत. असं दिवसभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. या वेळी मदत म्हणून कवच फाडण्याचा मोह आवरायला हवा; उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जात असतो, आणि पहिले काही दिवस त्याचं पोट भरतं ते त्याच शिदोरीवर.

चीन-व्हिएतनाममध्ये धामणींची शेती होत आली आहे, ती मांसासाठी आणि कातड्यासाठी. आपल्याकडूनही एके काळी सापांची लाखो कातडी परदेशी जात. १९७६ मध्ये ती निर्यात बंद झाली. धामणीचा खरा उपयोग पाहायचा तर केळीच्या बागेत जावं. ठिबकच्या नळ्या कुरतडणाऱ्या उंदरांमागे ती थेट बिळात शिरते. तरी ती मारली जाते. गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते या खोट्या समजुतीपायी, किंवा नाग समजून. तिच्या ओठांवरच्या काळ्या उभ्या रेघा एकदा पाहिल्या की ही गल्लत होत नाही. ती बिनविषारी आहे, हे प्रत्येक शाळेत मुलांना दाखवून सांगायला हवं.

पिल्लांनी पहिली कात टाकली की वनविभागाकडे नोंद करून ती त्याच शिवारात, बेडूक सापडतील अशा ओलसर कडेला, एकेक करून वेगवेगळ्या जागी सोडतात. डब्यात ठेवून वाढवत बसण्यात काहीच हशील नाही. त्यांना लागतो तो गवताचा बांध, आणि बांध जाळून, तणनाशक मारून स्वच्छ करण्याची रीत आता बळावली आहे. शेताचा एक तरी बांध शेतकऱ्यानं तसाच राखावा. आणि खणताना अंडी दिसली, तर कुदळ बाजूला ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा.