एअरफ्रेट : माल की भाडे?



परदेशी गेलेल्या फुलांची किंवा आंब्याची हिशेबपट्टी हाती आली, की तीत ‘एअरफ्रेट’ या शब्दापुढे मोठी रक्कम वजा झालेली दिसते. घरातले शिकलेले पोर ‘विमानाचा माल’ असा अर्थ सांगते. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे.

फ्रेट हा शब्द मूळचा जहाजांचा. आपण मालाला माल आणि भाड्याला भाडे म्हणतो. इंग्रजीत हा एकच शब्द दोन्हींना चालतो. ‘एअरफ्रेटने पाठवला’ म्हणजे विमानाने पाठवला. ‘एअरफ्रेट इतके झाले’ म्हणजे विमानाचे भाडे इतके झाले. पट्टीत अर्थ घ्यायचा तो भाड्याचाच.

मालासोबत ‘एअर वेबिल’ नावाची पावती असते. तिच्यावर ‘प्रीपेड’ असेल तर भाडे इकडेच भरले. ‘कलेक्ट’ असेल तर ते माल उतरतो तिथे वसूल होणार. पावतीवर ‘कलेक्ट’ आणि तुमच्या पट्टीत भाडे वजा, असे दिसले तर जरूर विचारा.

आता खरी गोम वजनाची. विमानात जागा थोडी, म्हणून खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून 6000 ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचे वजन यांत जे जास्त, त्यावर भाडे. समजा, गुलाबाचे खोके 60 × 40 × 40 आहे. गुणाकार 96,000, भागिले 6000, म्हणजे 16 किलो. काट्यावर ते 9 किलोच भरले तरी भाडे 16 किलोचे! तळेगाव दाभाडेच्या हरितगृहवाल्यांना हे पाठ आहे. नवख्याला मात्र काटा मारल्यासारखे वाटते. म्हणून खोके मालाच्या मापाचे घ्या. पण भाडे वाचवायला फुले दडपू नका, चुरगळलेल्या फुलाला कोण विचारतो?

आंब्याचे उलट. 2007 साली अमेरिकेची बाजारपेठ पुन्हा उघडली, तेव्हा लासलगावला विकिरण करून हापूस विमानाने गेला. साडेतीन किलोची पेटी मापाने दोन किलोच्या आसपास येते, तेव्हा भाडे काट्याच्या वजनावर. द्राक्षे थंड कंटेनरमध्ये आठवडे टिकतात. ती बोटीनेच पाठवावीत असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि दर ठरवताना इंधन व सुरक्षेचा अधिभार धरून सांगितला की वेगळा, ते आधीच लिहून घ्या.