भयांतील हास्य

सावंतवाडीकडील दशावतारांत आरंभींच संकासुर येतो. वेद पळविणारा हा काळा दैत्य. पण तोंड उघडतो तें मालवणी थट्टेसाठीं, आणि भ्यालेलीं मुलें हसूं लागतात. रक्तपाती भयपटालाही हाच आधार लागतो. भीति सतत ताणली तर मन बधिर होतें; हास्यानें तें सैल झालें, कीं पुढचा धक्का बसतो. आदित्य सरपोतदार यांच्या २०२२ मधील ‘झोंबिवली’ या मराठी चित्रपटांत डोंबिवलीचीं माणसें प्रेतवत् होऊन एकमेकांना चावतात, तरी विनोद थांबत नाहीं. मात्र त्या विनोदाआडून वस्तीच्या पाण्याचा प्रश्न पुढें येतो. एरवीं गंभीरपणें ऐकला न जाणारा हा प्रश्न हसतां हसतां मनांत शिरतो, आणि रक्त विसरल्यावरही तेथेंच राहतो.