रूम नंबर ११४ मधला टोमॅटो

सुरुवातीलाच सांगून टाकतो. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे माझ्या मराठीत ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर त्या संपादक मंडळाच्या नावावर खपवाव्यात! "मराठी विभागासाठी काहीतरी दे रे" असं म्हणून माझ्यामागे लागलेल्यांना मी विचारलं, "कविता येत नाही, टोमॅटोवर लिहू का?" ते हसले. पण आपल्या होस्टेलमध्ये यंदाच्या थंडीत माझ्या खोलीतल्या उजेडाची जेवढी चर्चा झाली, तेवढी कुणाच्या कवितेची झाली नसेल. तेव्हा एकदाच सगळा खुलासा करून टाकावा म्हणून हा लेख.

या प्रकरणाचं मूळ टोरांटोमध्ये आहे. तिथे माझी मावशी राहते. बाहेर गुडघाभर बर्फ असताना तिच्या तळघरात टोमॅटो लागतात. तिने फोटो पाठवला आणि मी पेटलो. टोरांटोला २२ डिसेंबरला जेमतेम नऊ तासांचा दिवस असतो, पुण्यात त्याच दिवशी सुमारे अकरा तासांचा. तिथे बर्फ, इथे रात्री दहा-बारा डिग्री, आणि बंद खोलीत तर सतरा-अठराच्या खाली पारा जातही नाही. म्हणजे मावशीला जमतं ते मला तर डोळे मिटून जमायला हवं! इथेच माझी पहिली चूक झाली. मला वाटलं, थंडीतल्या टोमॅटोचा प्रश्न हा थंडीचा आहे.

माझा रूम पार्टनर निफाड तालुक्यातला आहे. त्यांच्या घरी द्राक्षं आणि टोमॅटो दोन्ही आहे. निफाडची थंडी म्हणजे काय ते पेपर वाचणाऱ्यांना माहीत आहे. पारा फार उतरला की द्राक्षबागेत रात्रभर शेकोट्या पेटवून बसावं लागतं. तो म्हणाला, "अरे येड्या, बाहेर एवढं ऊन पडलंय आणि तू टोमॅटो खोलीत का लावतोस?" मी म्हटलं, "प्रयोग आहे." तो म्हणाला, "कर बाबा." आणि पांघरूण घेऊन झोपला.

पहिला प्रयत्न, अर्थात पहिला के.टी.

ऑक्टोबरमध्ये मेसमधल्या टोमॅटोच्या बिया काढल्या, धुऊन वाळवल्या, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती भरली आणि डबा खिडकीत ठेवला. सहा दिवसांत उगवलं! पण पुढच्या दोन आठवड्यांत रोपं नुसती उंच होत गेली. पांढरट, दोऱ्यासारखी बारीक, खिडकीकडे माना वाकवलेली. एक दिवस सगळीच जमिनीलगत मऊ पडून आडवी झाली. पार्टनर म्हणाला, "रोपं कोलमडली. पाणी जास्त, उजेड कमी."

यात मी दोन-तीन गाढवपणा केले होते. बाजारातला टोमॅटो बहुतेक वेळा संकरित असतो. त्याच्या बियांपासून तसंच झाड येईल याची खात्री नसते. शिवाय त्याची वेल माणसाएवढी वाढू शकते, ती टेबलावर कुठे मावणार? डब्याला भोक नव्हतं, त्यामुळे पाणी तळाशी साचलं. मुळांनाही हवा लागते हे मला माहीतच नव्हतं. पण खरी मेख उजेडाची होती.

डोळे फसवतात, पान फसत नाही

आपल्याला खोलीत ट्यूब लावली की लख्ख वाटतं. हे आपल्या डोळ्यांचं कौतुक आहे. उजेड हजारपट कमी झाला तरी डोळा सांभाळून घेतो. पण झाडाचं पान तसं करत नाही, ते सरळ प्रकाशाचे कण मोजतं. जेवढे कण, तेवढी साखर. प्रकाश हे झाडाचं जेवण आहे. खत म्हणजे मीठ-मसाला!

मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं (ते अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो). दुपारच्या उन्हात सुमारे एक लाख लक्स असतात. आमच्या उत्तरेकडच्या खिडकीच्या कठड्यावर दोन हजारांच्या आसपास भरले. आणि माझ्या टेबलावर, ट्यूबखाली? अडीचशे!

आता थोडं गणित, घाबरू नका. झाडाला दिवसभरात किती प्रकाशकण मिळाले याची बेरीज दर चौरस मीटरला 'मोल' मध्ये करतात. अकरावीच्या केमिस्ट्रीतला तोच मोल. काचगृहात टोमॅटोचं पीक घेणारे दिवसाला वीस ते तीस मोल मिळावेत असं बघतात. पांढऱ्या एलईडीचे हजार लक्स म्हणजे सेकंदाला साधारण साडेचौदा मायक्रोमोल. त्या हिशेबाने माझ्या टेबलावर सोळा तास ट्यूब जळली तरी मिळतात ०.२ मोल. म्हणजे ज्याला रोज वीस चपात्या लागतात, त्याच्या ताटात मी चपातीचा पाचवा तुकडा वाढत होतो. उपाशी झाड मग काय करतं? 'वर कुठेतरी ऊन असेल' या आशेने सगळी ताकद उंच होण्यात घालवतं. दोऱ्यासारखी रोपं ही त्यांची वाढ नव्हती, ती उजेडासाठीची धडपड होती.

दुसरा प्रयत्न

नोव्हेंबरच्या मध्यात पुन्हा सुरुवात केली. यावेळी ठेंगण्या चेरी टोमॅटोच्या बिया ऑनलाइन मागवल्या. अशा जाती मुद्दाम कुंडीसाठी तयार केलेल्या असतात. अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाची 'मायक्रो-टॉम' ही जात (१९८९) तर वीतभरच वाढते. कुंडीला खाली भोकं पाडली. माती, कोकोपीट आणि गांडूळखत सारखं मिसळलं. पाणी द्यायचं ते बोट पेराएवढं मातीत खुपसून, कोरडं लागलं तरच.

मग दिवे. भंगारात निघालेलं एक छोटं लोखंडी रॅक आणलं, आतून पांढरा ऑइलपेंट मारला (पुठ्ठ्याचं खोकं वापरू नका, दिव्याजवळ ते धोक्याचं). वर नऊ वॅटचे चार साधे पांढरे एलईडी बल्ब लावले आणि रोपांच्या वर वीतभर अंतरावर आणले. अंतर फार महत्त्वाचं आहे. बल्ब दुप्पट लांब गेला की उजेड जवळजवळ चौथाईवर येतो, हे आपण एफ.ई.ला घोकलंय. ॲपवर बारा हजार लक्स आले. सोळा तासांचे झाले दहा मोल. काचगृहाच्या निम्मेच, पण ठेंगण्या जातीचं तेवढ्यात भागतं असा माझा अनुभव आहे.

रोपं यावेळी बुटकी, जाड देठाची, गडद हिरवी आली. मी इतका खूश झालो की म्हटलं, सोळा तासच कशाला? चोवीस तास ठेवू! जेवण जास्त, वाढ जास्त. साधं लॉजिक.

आणि इथेच घोळ झाला.

रात्रही लागते

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पानांवर पिवळे डाग पडायला लागले. मी खत घातलं, पाणी बदललं, काही उपयोग नाही. त्यातच रात्री अडीच वाजता आमच्या खिडकीतून झगझगीत उजेड येतो हे वॉचमनकाकांनी रेक्टर सरांना सांगितलं. सरांना वाटलं, हीटर! सर खोलीवर आले. मी लगेच वही काढून हिशेब दाखवला : "सर, ३६ वॅट, चोवीस तासांना ०.८६ युनिट. दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालवला तर याहून जास्त जळतं." सरांनी वही बघितली, वायरिंग बघितलं, मग पार्टनरच्या रिकाम्या कॉटकडे बघितलं आणि विचारलं, "हा झोपतो कुठे?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गेले आठ-दहा दिवस तो रात्री शेजारच्या खोलीत, दोघांच्या कॉटमध्ये सतरंजी टाकून झोपत होता. चार दिवसांवर त्याचा एम-थ्रीचा बॅकलॉगचा पेपर होता. एका शब्दाने तो मला बोलला नव्हता. मी त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "तू एवढा मनापासून करत होतास, म्हटलं कशाला..." मग जरा थांबून म्हणाला, "पण एक सांगू? झाडाला पण रात्र लागते रे. शेतात कोण चोवीस तास ऊन पाडतं?"

त्या रात्री दिवे बंद केले आणि मोबाइलवर शोधत बसलो. पार्टनर बरोबर होता! सततच्या उजेडात टोमॅटोची पानं पिवळी पडून खराब होतात, हे संशोधकांना जवळजवळ शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. बऱ्याच झाडांना अखंड उजेड चालतो. टोमॅटो त्यातला नाही. २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेनच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की टोमॅटोच्या काही रानटी भाऊबंदांना मात्र अखंड उजेड सहन होतो, आणि ती ताकद मुख्यतः एका जनुकाशी जोडलेली आहे. आपल्या लागवडीच्या टोमॅटोत ती नाही. त्याला रोज काही तास अंधार हवाच.

शंभर वर्षं जुनी गोष्ट मी इंटरनेटवर शोधली, ती माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्याला घरच्या शेतामुळे ठाऊक होती. मी त्याला विचारलंच नव्हतं. असो! वीस रुपयांच्या जुन्या टायमरने प्रश्न मिटला : सकाळी सहा ते रात्री दहा उजेड, नंतर दोघांनाही झोप. नवी पानं हिरवी आली. पार्टनरचा पेपर काठावर सुटला. त्याचं श्रेय टायमरला नाही, पण मला बरं वाटलं.

मिस्ड कॉलने फळधारणा

जानेवारीत पिवळी फुलं आली आणि तीन-चार दिवसांत गळून पडायला लागली. याचं कारण फुलाच्या रचनेत आहे. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, पण पराग एका नळीसारख्या कोषात बंद असतात. मिठाची बाटली हलवल्याशिवाय मीठ पडत नाही, तसं हे फूल हलल्याशिवाय पराग पडत नाहीत. शेतात वारा हलवतो, काही जातींच्या माश्या फुलाला धरून गुणगुणतात आणि त्या कंपनाने पराग झडतात. आपली मध देणारी मधमाशी हे करत नाही. युरोपातल्या काचगृहांत पूर्वी माणसं हातात विजेचं कंपनयंत्र घेऊन फुलाफुलाला लावत फिरायची. १९८० च्या दशकाच्या शेवटी त्या कामावर भुंग्यासारख्या 'बंबलबी' माश्या आल्या.

आमच्या बंद खोलीत ना वारा, ना माशी. मग मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून हलकेच देठाला टेकवायचा आणि पार्टनरने मिस्ड कॉल द्यायचा! रोज दुपारी जेवणानंतर हा कार्यक्रम. अख्खी विंग बघायला यायची. आठवड्याभरात फुलामागे मोहरीएवढे हिरवे दाणे दिसले तेव्हा खरंच टाळ्या वाजल्या. थंडीची आठवणही इथेच ठेवा : रात्री बारा-तेरा डिग्रीच्या खाली तापमान राहिलं तर पराग नीट तयार होत नाहीत, फळ धरत नाही. म्हणून फुलांच्या दिवसांत रात्री खिडकी बंद ठेवावी.

हिशेब

पहिला टोमॅटो फेब्रुवारीच्या अखेरीस लाल झाला. मार्चच्या मध्यापर्यंत दोन झाडांना मिळून ४२ टोमॅटो लागले, वजन ३०० ग्रॅम. १२० दिवसांत वीज जळली सुमारे ७५ युनिट. आठ रुपये युनिट धरा, ६०० रुपये. म्हणजे माझा टोमॅटो पडला दोन हजार रुपये किलो! खत, कुंड्या, बल्ब वेगळेच.

मी हे हसत हसत पार्टनरला सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, "२०२३ ला जुलैमध्ये शहरात टोमॅटो दोनशेच्या वर गेला, तेव्हा सगळे ओरडले. सप्टेंबरात आमच्याकडे तीन-चार रुपये किलो झाला. तोडणीचाही खर्च निघेना. बाबांनी रस्त्याकडेला ओतला."

मग आम्ही दोघांनी आणखी एक गणित केलं. आपल्याकडे डिसेंबरातही एका चौरस मीटरवर दिवसाला साधारण साडेचार युनिट एवढी सूर्याची ऊर्जा पडते. एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर. म्हणजे त्यांच्या एका एकरावर रोज अठरा हजार युनिट! माझ्या चार महिन्यांच्या बिलाच्या दोनशे चाळीस पट, एका दिवसात, फुकट. अंटार्क्टिकात जर्मन संशोधकांनी २०१८ मध्ये दिव्यांखाली ५० किलो टोमॅटो काढले, तिथे तो खर्च परवडतो, कारण हिवाळ्यात तिथे सूर्य उगवतच नाही. मावशीलाही परवडतो. आपल्याकडे मात्र हे ऊन रोज अंगणात येऊन पडतं, आणि त्यात राबणाऱ्याला आपण तीन रुपये देतो.

तेव्हा तुम्हाला खोलीत टोमॅटो लावायचा असेल तर जरूर लावा. ठेंगणी जात, भोकाची कुंडी, वीतभरावर दिवे, सोळा तास उजेड, आठ तास अंधार आणि रोज एक मिस्ड कॉल. हो, रेक्टर सरांची परवानगी आणि रूम पार्टनरची मात्र आधी घ्या. दक्षिणेची गॅलरी मिळत असेल तर दिवे विसरा, कुंडी सरळ उन्हात ठेवा.

४२ पैकी ४१ टोमॅटो विंगमध्ये वाटले. एक पार्टनरने घरी नेला, बाबांना दाखवायला. त्यांनी तो तळहातावर फिरवून बघितला म्हणे, आणि विचारलं, "काय भाव मिळाला?"